छातीभर पाण्यात चालायचं होतं

बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात याचा राग मला अजून आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी आहे. पाण्यात उतरले की तो हटकून वर येतो आणि व्यायामाचे आकडे चुकतात.

अंधेरीच्या त्या क्लबात तुम्ही अठ्ठावीस वर्षं पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरवर होतात. पहाटे वाकोल्याहून निघायचं, छोट्या नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे, रंग बघायचा, औषध सोडायचं, लांब दांड्याच्या ब्रशनं तळ घासायचा. सगळं काठावरून. तुमच्या सगळ्या शर्टांवर क्लोरीनचे पांढरे डाग असायचे आणि आई म्हणायची, "ह्यांका धुवूक टाकलं तरी वास जाऊचो नाय." मग तुमचे पाय जड व्हायला लागले. क्लबच्या गेटापासून बसस्टॉपपर्यंत तुम्ही तीनदा बसायचात, गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकायचात, बरं वाटलं की उठायचात. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं होतं, मणक्यातून नसा जातात ती वाट अरुंद झालीय. पोहायचं नाही म्हणाल्या, छातीभर पाण्यात रोज अर्धा तास नुसतं चालायचं, कठडा धरून एकेक गुडघा छातीकडे घ्यायचा. त्या विचारतात, "तलाव आहे का जवळपास?" आणि तुम्ही हसता. तलाव तुमचाच होता ना!

महिना गेला, तुम्ही काही उतरला नाहीत. विचारलं की एकच उत्तर, "पाणी थंड असता गो. माका नाय झेपणा." एका रविवारी माझा तोल गेला. आई तांदूळ निवडत होती, तुम्ही खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडला होतात आणि मी उभी राहून बोलले. म्हटलं, लोक तलावासाठी तरसतात, तुमच्या हाताशी आहे आणि तुम्ही आळशासारखे लोळताय. उद्या पाय गेले तर उचलणार कोण, आईच ना? आई म्हणाली, "पुरे गो." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही घरातच होतात, नाक्यापर्यंतसुद्धा जाणं सुटलं, आणि मी मैत्रिणींना सांगत राहिले की आमचे बाबा भारी हट्टी.

खरं काय ते तुमच्या बाराव्याला कळलं. क्लबातले तुमचे जोडीदार आले होते, ते दुसऱ्या पाळीचे. जेवता जेवता म्हणाले, "त्यांनी विचारलेलं ना सेक्रेटरीसाहेबांना. सोमवारी क्लब बंद असतो, तेव्हा उतरू का म्हणून. डॉक्टरचा कागद पण नेलेला. साहेब बोलले, मेंबर लोकांना कळलं तर सगळं पाणी बदलायला लागेल." ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं ते पाणी निर्मळ राखलं त्याच्या अंगानं ते बाटणार होतं! त्या सेक्रेटरीला चार शब्द सुनवायला मी दुसऱ्याच दिवशी अंधेरीला गेले, तर तो आदल्या वर्षीच निवृत्त झालेला. पण बाबा, तुम्ही का नाही सांगितलंत? लेकीच्या शिव्या परवडल्या, तिच्यासमोर खाली बघणं नाही परवडलं, असंच ना? मला आयुष्यभर त्या रविवारची गुन्हेगार करून ठेवलंत.

आता माझीही तीच वाट अरुंद झालीय. मुलुंडला आमच्या सोसायटीत तलाव आहे. रोज दुपारी, तो रिकामा असताना, मी कठडा धरून चालते, आधी सरळ, मग आडवी. पाण्यात पाय पुन्हा माझे होतात. तुम्हाला हे एकदाही मिळालं नाही म्हणून तिथेच मला चीड येते.

मागच्या महिन्यात आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई काठाशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, "ताई, मला पण हेच सांगितलंय हो डॉक्टरनी. कागद आहे माझ्याकडे." मी तो कागद घेऊन सोसायटीच्या मीटिंगला गेले. चेअरमन म्हणाले, "आज बाई, उद्या ड्रायव्हर येतील, वॉचमन येतील." म्हटलं, "येऊ देत ना! पाठीचा कणा काय फ्लॅटवाल्यांनाच असतो?" मग तुमची गोष्ट सांगितली, सगळी, सोमवारसकट. आवाज चढला होता, चढू दिला. परवानगी मिळाली, मी असेन तेव्हा, अर्धा तास. जिंकले, बाबा.

हे पत्र कपाटात राहणार, दुसरं कुठे टाकणार. मीटिंगपर्यंतचं सगळं मी भावाला सांगितलंय, नवऱ्याला सांगितलंय, दोघांनी पाठ थोपटली. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. बुधवारी बाई पहिल्यांदा पाण्यात उतरल्या. दोन्ही हातांनी कठडा धरला, चार पावलं चालल्या आणि माझ्याकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या. मी पण हसले. आणि माझा अर्धा तास झालेला नसताना बाहेर आले. कुणी काही म्हटलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. वर येऊन मी साबण लावून अंघोळ केली. रोज तलावातून आल्यावर मी अंगावर नुसतं पाणी घेते.