चौकीवालीचं उत्तर

छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

ति. मंजूताईस,

नंदीचा नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. पाठ कशी आहे? मी आणलेला पट्टा बांधतेस की कपाटात ठेवून दिलास? मी बरी आहे. क्लासवर यंदा अकरावीच्या दोन तुकड्या मला मिळाल्या. खोलीवर पाणी अजून आठवड्यातून एकदाच येतं, म्हणून भांडी जपून घासते.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तुला फोन केला की तू स्पीकर लावून भाकरी थापायला बसतेस आणि माझं बोलणं सगळं घर ऐकतं. मेघा आमच्याच क्लासवर गणित शिकवते आणि रोज गंगापूरहून जीपनं येते. तिच्या हाती हे पाठवते आहे. उत्तरही तिच्याकडेच दे.

आधी गंमत सांगते. आपल्या चौकीवालीचा पिक्चर आठवतो? लासूरच्या घरी टीव्हीवर दर सुट्टीत लागायचा, हिंदीतून. सूर्यापासून लांब, अंधाऱ्या ग्रहावर एकटी बाई संदेशांची चौकी सांभाळते. सात वर्षं. तिला पलीकडून कुणाची तरी हाक ऐकू येते, पण पृथ्वीवर कुणाचा विश्वास नाही. मग चौकी बंद करायचा हुकूम सुटतो, आणि हुकूम देणारा साहेब तिचाच बाप असतो. शेवटी ती म्हणते, “जी पिताजी, मैं घर आ रही हूँ.” तिथं तू ओढणी डोळ्यांना लावायचीस आणि मी तुझ्याकडं बघून रडायचे.

तोच पिक्चर या रविवारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दाखवणार आहोत. पण त्याची तीन रूपं निघाली! एक तेव्हा थिएटरात लागलेलं, एक आपलं हिंदीतलं तासा-सव्वातासाचं, आणि एक दिग्दर्शकानं पंधरा वर्षांनी स्वतःच्या मनासारखं पुन्हा जोडलेलं, दोन तास चाळीस मिनिटांचं. कुठलं लावायचं यावर आमच्या सिनेमा मंडळात गेल्या महिन्यात आठवडाभर भांडण चाललं.

सई म्हणाली, “हिंदीच लावा. होस्टेलच्या पोरी येणारेत, फर्दापूर-सोयगावच्या. इंग्लिश सुरू झालं की मोबाईल काढतील.”

सुयश म्हणाला, “थिएटरवालं लावा. लांबडं बघताना माझे बाबा झोपले, आणि ते सिनेमावर लेख लिहितात.”

“म्हणूनच झोपले असतील,” सई म्हणाली.

निकाल माझ्यावर सोपवला. मी तिन्ही पाहिली, एकामागून एक. ताई, तुला आठवतं, त्या शेवटच्या वाक्याला मी एकदा विचारलं होतं, “तिचं तोंड मिटलं तरी आवाज कसा येतोय?” आणि तू म्हणालीस, “इंग्लिश माणसं तशीच बोलतात.” आपण दिवसभर तोंड मिटून हिंदी बोलायचा खेळ खेळलो होतो.

लांबड्या पिक्चरात बापाचा प्रश्न येतो, “येतेस ना?” ती काहीच बोलत नाही. अकरा मिनिटं हत्यारं पुसते, जागेवर ठेवते, दिवे तपासते. मग एकच शब्द म्हणते. “नो.” थिएटरात लावताना मालक कंपनीनं अकरा मिनिटं कापली, त्या शब्दावर संगीत चढवलं आणि परतणारं यान दाखवून टाकलं. हिंदीवाल्यांना ते मिटणारे ओठ मिळाले. त्यांनी त्यावर “जी पिताजी” बसवलं. आपण रडलो त्या जागी ती नाही म्हणत होती, ताई.

मी लांबडं निवडलं. होस्टेलच्या मुलींसाठी खालच्या मराठी ओळी मीच लिहिल्या, बारा रात्री लागल्या. त्या एका शब्दापाशी सुयश म्हणाला, “‘नाही, बाबा’ लिही. जरा सौम्य वाटेल.” मी म्हटलं, तिनं बाबा म्हटलेलंच नाही, मी कुठून आणू? “नाही.” एवढंच लिहिलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. मघापासून टाळते आहे.

गेल्या महिन्यात वैजापूरचे पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या वडिलांनी, साहेबरावांनी विचारलं, “किती शिकलीस बाळ?” मी तोंड उघडलं होतं. बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन, असं सांगणार होते. तू माझ्या मागून चहाचा ट्रे पुढं केलास आणि म्हणालीस, “बारावी झालीय. शहरात शिवणाचा क्लास करते.” मी तोंड मिटलं. सगळ्यांना माझे ओठ हललेले दिसले आणि तुझा आवाज ऐकू आला.

आपल्या घरात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. लेक बी.एस्सी. झाली म्हणून तात्यांनी पेढे वाटले होते, आठवतं? त्याच तात्यांना ती पदवी आता पोटात ठेवायची आहे. मुलगा बारावी आहे, याला माझी काहीच हरकत नाही. कृष्णा अडतीवर कांदा बघतो, मान खाली घालून बोलतो, माणूस सरळ वाटला. पण मी त्याच्या घरी जन्मभर शिवण शिकलेली बारावी पास म्हणून राहणार नाही.

रविवारी सुपारी फोडायला ते लासूरला येणार आहेत. मी येणार नाही. मी हॉलवर असेन. तू बोललीस ते तूच दुरुस्त कर. शनिवारपर्यंत साहेबरावांना सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन.

तुझी,
नंदी

•

गंगापूर
गुरुवार

नंदे,

मेघा ओट्यावर चहा घेत बसलीय, तिला सासूबाईंनी बोलण्यात गुंतवलंय, म्हणून घाईत लिहिते. चुका काढू नको मास्तरीणबाई.

बारावी म्या म्हणाले, व्हय. म्या लासूरला येता येताच तात्यांनी सांगितलं होतं, “पोरगी जास्ती शिकलेली कळली तर उठून जातील, मंजू, तू सांभाळून घे.” म्या सांभाळून घेतलं. तू अकरावीला शहरात राहायचं म्हणलीस तव्हा तात्या आठ दिवस जेवायला घरात बसले नाहीत. तव्हा बी म्याच सांभाळून घेतलं. तव्हा गोड लागलं तुला.

साहेबराव आमच्या ह्यांचे सख्खे मामा हायेत, इसरलीस का? हितं सासरी बी तुझं शिवणाचंच सांगून ठेवलंय म्या. तू फोन करशील अन् मोकळी होशील. तू शहरात, तुझा हॉल, तुझा पिच्चर. इथं रोज सकाळी ह्याच चुलीपुढं म्या बसणार हाय. “तुमच्या माहेरची माणसं खोटारडी,” हे म्या ऐकणार हाय. तू नाय.

अन् आज सांगतेच. मला अभ्यासाचा कंटाळा होता म्हणून बारावी सोडली, असं तुला म्या सांगितलं ना? हॉल तिकीट आलं होतं माझं. पेपराच्या आठ दिवस आधी ह्यांचं स्थळ आलं अन् तारीख धरली. तू लहान होतीस, रडशील म्हणून कंटाळा सांगितला. ते बी सांभाळूनच घेतलं म्हण. तू पुढं कधी इचारलं नाहीस.

पिच्चरचं म्हणशील तर मला घरी येणारीच आवडती. तिचे व्हट कसे बी हलू दे. तुझ्या त्या लांबड्यात मागं राहिलेला बाप पुढं काय करतो ते दावलंय का? नसंलच. असल्या पोरींच्या गोष्टीत मागच्यांचं कुणी दावत नाय.

म्या साहेबरावांना काय सांगणार नाय. तू बी सांगू नको. लई हात जोडते.

मंजू

पट्टा बांधते. टोचतो.

•

छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

ति. मंजूताईस,

मी सांगितलं.

एव्हाना तुला कळलंच आहे, आणि चुलीपुढं काय काय ऐकलंस याची मला कल्पना आहे. तरी कसं झालं ते माझ्या तोंडून ऐक.

शनिवारी दुपारी कृष्णाला फोन केला. मागं मोंढ्यातला कांद्याचा लिलाव चालू होता, आकडे ओरडत होते. मी म्हटलं, “मी बारावी नाही. बी.एस्सी. आहे आणि अकरावी-बारावीला शिकवते.”

तो लिलावापासून बाजूला सरकला, आकडे लांब गेले. मग म्हणाला, “तवा बारावी कोण म्हणालं? तुम्ही का तुमच्या ताई?”

“ताई.”

“अन् तुम्ही कुठं होता?”

“तिथंच. गप्प बसले होते.”

“मग खोटं दोघींचं झालं की,” तो म्हणाला. चिडून नाही, भाव सांगावा तसं. “घरी सांगतो. बाबांना चालायचं नाय. मलाबी चालंल का, खरं सांगू, ठाऊक नाय. बायको शिकवायची अन् म्या पोती मोजायची. लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच काय वाटंल कळंना.”

मी म्हटलं, खरं बोललात, आभारी आहे. माझी जी चांगली स्थळं यायची बाकी आहेत त्यांपैकी कुणी इतकं सरळ बोलेल का, शंका आहे. पण मी त्याला थांबवलं नाही. तोही थांबला नाही.

संध्याकाळी वैजापूरच्यांनी येत नाही म्हणून कळवलं आणि लगेच तात्यांचा फोन आला. मी ऐकून घ्यायची तयारी करून उभी राहिले होते, खिडकीचा गज धरून. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, “आणलेल्या सुपाऱ्यांचं काय करू?”

मी म्हटलं, “खा.”

त्यांनी फोन ठेवला. मला आधी हसू आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

रविवारी हॉलवर एक्केचाळीस माणसं होती. मध्यंतरात नऊ गेली. सुयशनं ती मोजून मला सांगितली. चौकीवाली हत्यारं पुसू लागली तशी खुर्च्यांची करकर सुरू झाली. सातव्या मिनिटाला कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडली. मग तिनं तो शब्द म्हटला, खाली माझा “नाही” उमटला, आणि पुढच्या रांगेतली फर्दापूरची मुलगी मोठ्यानं म्हणाली, “आगं बाई, येवढंच म्हणायला इतका येळ?” सगळा हॉल हसला. मीसुद्धा. चौकीवालीला अकरा मिनिटं लागली, मला महिना.

आणि तू विचारलंस ते दाखवलंय, ताई. तिच्या उत्तरानंतर बाप दिसतो. चार मिनिटं. कानावरचं यंत्र काढतो, रुमालानं पुसतो, परत कानाला लावतो. पलीकडून आता काही येणार नाही, तरी ऐकत बसतो. दोन्ही छोट्या पिक्चरांत हे कापलेलं आहे, कारण त्यांत ती घरीच येते. मी लांबडं पहिल्यांदा बघताना हा भाग माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता आणि मी त्याकडं पाहिलं नव्हतं. ओळी लिहिताना तर त्यावरून पुढं पळाले, कारण त्यात कुणी बोलतच नाही. काल तुझ्या पत्रामुळं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून राग आहे की काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. तात्यांचंही मला कळलेलं नाही.

तरी मी फोन परत घेणार नाही. तू म्हणशील, माफी माग. त्या फोनची मागणार नाही. दुसऱ्या एका गोष्टीची मागते. तुझ्या कंटाळ्यावर मी चौदा वर्षं विश्वास ठेवला. मी शिकले, पुस्तकं वाचली, बायकांच्या हक्कांवर भाषणं केली, आणि माझ्याच बहिणीला एकदाही विचारलं नाही की तुझ्यासारखी नववीत पहिली आलेली मुलगी अभ्यासाला कंटाळते कशी. मला ते सोयीचं होतं. तू मागं राहिलीस म्हणून मला पुढं जाता आलं, आणि तुझं तू ठरवलं होतंस असं मानलं की मला झोप लागायची.

आता सांभाळून घेणं बंद. तुझंही आणि माझ्यासाठीचंही.

बुधवारी सकाळच्या पहिल्या जीपनं मेघाच्या घरी उतरते आणि तिथून तुझ्याकडं येते. पोळ्याची तयारी चालू असेल, घर भरलेलं असेल, तेच बरं. तुझ्या सासूबाईंसमोर, दाजींसमोर सांगणार आहे की खोटं ताईनं तिच्या मनानं सांगितलं नाही, तिला सांगायला लावलं. आणि ते ऐकत मी बसले होते, म्हणून निम्मं माझं. “माहेरची खोटारडी” म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हणा, मी समोर उभी आहे. तू मध्ये ट्रे घेऊन येऊ नकोस. चहा मी नंतर पिईन.

दुसरं. सतरा नंबरचा फॉर्म सुटलाय. शाळेत न जाता बाहेरून बारावीला बसणाऱ्यांचा. फॉर्म माझ्या मोबाईलवर भरता येतो. तुझा दहावीचा निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला तेवढा काढून ठेव. फिजिक्स नको घेऊस, कला शाखा घे, इतिहास तुला आवडायचा. मेघा तिकडं आहे, मी इकडं आहे, पुस्तकं जीपनं येतील.

भरायचा की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी जबरदस्ती करणार नाही, एक शब्दही जास्त बोलणार नाही. पण दाजी म्हणाले “तिला जमायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या “ह्या वयात कशाला,” तात्यांनी फोनवरून काही कळवलं, तर ते मी उत्तर म्हणून धरणार नाही. कितीही वेळ घे. तुझं उत्तर तुझ्या तोंडून निघेपर्यंत मी तुझ्या ओट्यावरून हलणार नाही.

बुधवारी तुझ्या दारात उभी असणारी,
तुझी बहीण
राजनंदिनी