बाबांचा फुलाफुलांचा ट्रेलर

कोपरखैरणे, मे १९९६

अभिरामदादा,

हे पत्र मी टाकणार नाही.

तू अमेरिकेहून आलास की तिघांनी गोव्याला जायचं, म्हणून बाबांनी जीपमागे ओढायचा जुना ट्रेलर हिप्पी थाटात सजवला. आईच्या साड्यांचे पडदे लावले. तू दर वर्षी येणं पुढे ढकललंस, ते दर वर्षी नवी फुलं रंगवत राहिले. यंदा स्टुलावरून पडून त्यांचा हात मोडला. तू फोनवर हसलास. "या वयात कसली थेरं," म्हणालास.

मी बाबांना सांगितलं, दादा अपघातात गेला. ते दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "जाई, आपण दोघंच जाऊ."

उद्या निघतोय. जीप मी चालवणार.

सकाळी तुझा फोन आला. बाबांनी विचारलं, "कोण गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

जाई