बाबांचा कान आणि माझी पेन्शन

मंगळवार संध्याकाळ, बेहाला

आज न्यू टाउनच्या ऑफिसात कळलं. पेन्शनला लागणारी माझी दहा वर्षं पुरी झाली, जर्मनीतली वर्षंही त्यात धरली. कंपनीनं तिकडे पाठवलं तेव्हा इथलाच पीएफ चालू ठेवायचा सरकारी दाखला काढला होता, म्हणून तो इथेच कापला जात राहिला, खंड पडला नाही. तो दाखला काढायला लावला बाबांनी. काय वैतागले होते मी! आणि मग दर रविवारचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर नुसता बाबांचा कान, कारण फोन कानालाच लावायचा असतो, ही त्यांची ठाम समजूत. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस! कान विचारायचा, "इथलं चालू आहे ना गं?" मी चिडायचे. तिशीत कोण पेन्शनचा विचार करतं?

मघाशी चहा देताना म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळे वाचले."

पेपरातून वर न बघता म्हणाले, "मला कुठं पेन्शनची पडली होती? इथलं चालू असलं की माणूस परत येतो, एवढंच."

मी बघत बसले. पेपराआडून पुन्हा नुसता कानच दिसत होता. पण आज हात लावता येईल इतका जवळ.