रेवदंड्यात धुकं नाही

३ मे १९३१, रेवदंडा
नाही. धुकं मिळणार नाही. कितीदा सांगू? भूतकथा म्हटली की तुम्हाला गेल्या शतकातलं विलायती सामानच हवं. धुकं, घोडागाडी, कुलूप घातलेली खोली, विझत आलेली शेकोटी. इथे मे महिन्यात शेकोटी पेटवायची कुणी? सगळीकडे डोळ्यांत खुपणारा उजेड नि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. बसा नाक धरून.
मासिकवाल्या सदूनं लेख मागितलाय, 'जुन्या भूतकथांतलं वातावरण'. (पुढे नुसतं 'वा.' लिहीन, हात दुखतो.) पुस्तकं घेऊन ताईच्या सासरी आलो ते त्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण ताईच.

६ मे
भावोजींना जाऊन सहा महिने. 'जाऊन' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मुंबईला निघालेला मचवा वाटेत उलटला. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली. भावोजींचं नाही. ताई रोज कुंकू लावते. तिच्या सासूबाई, माई, तिच्याशी बोलताना जमिनीकडे बघतात. जेवताना फक्त ताक ओतल्याचा आवाज.
वा.बद्दल टिपण: विलायती भूत शेवटी येतं. त्याआधी वारा, वाट, घर, नोकराचा पडलेला चेहरा. वाचणारा आधीच घाबरून तयार. प्रत्यक्ष भूत आलं की उलट हायसं वाटतं.

९ मे
हिराबाई कोळणीनं अंगणात टोपली उतरवली. मासळीचं नाव नाही, एकदम म्हणाली, "माई, मी बगलं दादांना. भर दुपारचं. बोंबलाच्या काठ्यांपाशी उभं व्हतं, समिंदराकडं तोंड करून."
माई मटकन खाली बसल्या. ताई आतून आली. मला वाटलं रडेल. विचारते काय, "चष्मा होता का गं?"
"तवडं न्हाय बगलं, बाय."
"नीट आठव की. चष्म्याशिवाय ते चार पावलं चालत नाहीत."
भुताचा चष्मा! एकाही पुस्तकात सापडायचा नाही.

१२ मे
लेख पुढे सरकेना. संध्याकाळी माईंना एक विलायती गोष्ट मराठीत करून सांगितली. बुडालेला माणूस घरी येतो, जिन्यावर ओली पावलं, वगैरे. मन लावून ऐकली. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या साहेबाच्या भुतांना निदान शेकोटी तरी मिळते हो. माझा मुलगा उन्हात तहानलेला उभा आहे."
पुस्तक मिटलं.

१५ मे
आता देवळामागेही दिसले म्हणे. धोतर ओलं, पाणी निथळतंय. ओलं! हे तर माझ्या गोष्टीतलं पाणी. गावभर पसरलं. माईंनी सांगताना वारा थांबवला, कावळे गप्प केले. मला जन्मात जमणार नाही असं वा.
ताईला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, हे सगळं असंच रचलेलं असतं.
"कळतंय मला. सहा महिने ओलं राहणारं धोतर कुठे मिळतं ते विचार, तुलाही दोन घेऊ."
"मग ज्याच्या त्याच्या दारात चौकशीला का जातेस?"
"दुसरं कोण बोलतंय रे त्यांच्याबद्दल?"
फोडणी करपली. दोघांनाही कळलं नाही.

१८ मे
भटजी येऊन गेले. प्रेत नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग पाणी, पिंड. खरं तर बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. भटजी म्हणाले, "अहो, दिसतोय म्हणजे गेलाय. गेल्याशिवाय असा दिसेल कसा?" आणि माईंनी साक्षीदारांची नावं सांगितली. सगळे ताईनं स्वतः जाऊन विचारलेले. तिनं विचारलं की त्यांना जास्तच पक्कं आठवायचं.
पानांचा माणूस जळला की ताई विधवा. न्हावी येणार. केस जाणार. मग विधवेचं तांबडं लुगडं, आलवण, मरेपर्यंत. ते माहेरानं आणायचं असतं. म्हणजे मी.
माईंशी भांडलो. "एक दिवस पाण्यावाचून त्या वाळूत उभा राहून बघ," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. नंतर कळलं, रोज दुपारी त्या काठ्यांपाशी पाण्याचा तांब्या ठेवून येतात. अनवाणी. यांना मी रचणारी बाई म्हणत होतो.

२१ मे
सदूचा लेख फाडला.
ताईला म्हटलं, चल माझ्याबरोबर.
"आणि ते आले म्हणजे?"
"नाही आले तर?"
"तर तू आहेसच की, आलवण घेऊन." हसली. हसताना अगदी लहानपणची दिसते. मी तोंड फिरवलं.

२३ मे, बंदरावर
पळसाचा माणूस सकाळीच तयार. पानं दर्भानं बांधलेली, डोक्याच्या जागी नारळ. न्हावी पडवीत वस्तऱ्याला धार लावत बसलेला.
माईंनी विचारलं, "आणलंस?"
"नाही. आणणारही नाही. आमच्याकडून आलवण येणार नाही, पुढे काय करायचं ते तुम्ही बघा. ताई, मचव्यात दोन जागा सांगितल्यात. एकीवर मी बसतोय."
भटजी अडखळले. माईंनी बोलायला तोंड उघडलं. ताई चुलीपाशी, पाठमोरी. कुणी काही म्हणायच्या आत मागच्या दारानं माडांतून बाहेर पडलो.
हात धरून आणायला हवी होती का? हात धरून तर तिला सगळेच नेतायत.
मचवा भरत आलाय. गावाकडे पाठ करून लिहितोय. आली का म्हणून तुम्हीही विचारू नका, मी वळून बघितलेलं नाही. तांडेल ओरडतोय. चाललो.