रबरी बुश येईपर्यंत

॥ श्री ॥
धामणगाव बढे,
ता. ४ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. शालूबाई यांस वहिनीचे अ. उ. आ.

तुला आठवतं का, आपण दोघी ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होतो आणि तुझे दादा नवी मोटार घेऊन दारात आले? लाल, उघडी, दोनच माणसांची. आधी कोणाला बसवावं अशी त्यांची पंचाईत झाली, तर भाजी संपेपर्यंत उठायचंच नाही म्हणून आपण त्यांना ताटकळत ठेवलं. काल अंबाडी निवडताना एकटीच हसले.

त्यांच्या मणक्याची गाठ वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, थंडी निघेल असं सांगवत नाही. त्यांना एकच ध्यास आहे, मेहकरला जाऊन बहिणीला पाहायचं. तुझं मांडीचं हाड मोडलेलं, तेव्हा त्यांनीच यायला हवं. प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या बाकावर त्यांना बसवत नाही. आपल्या गाडीत रेलता येतं, पण ती खडा लागला तरी आदळते.

बुलढाण्याहून शकूर मिस्त्रीला बोलावलं. धक्के झेलणारे कमानपाटे गाडीला जिथे जोडतात तिथे रबराच्या पुंगळ्या असतात, त्यांना बुश म्हणतात. त्या सगळ्या फुगून चिकट झाल्यात. यात तेल कोनं टाकलं, म्हणून तो गाडीखालूनच ओरडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात ना, तेव्हा तुझे दादा दरवर्षी मोटारीचेही, म्हणजे हेच जोड, मळायचे! मी कॉन्व्हेंटात शिकलेली, पण हळदीची वाटी मीच धरत असे. रबराले तेल-तूप म्हंजे जहर आहे दादासाहेब, असं शकूर म्हणाला. त्यावर यांचं उत्तर, की बैलानं तर कधी तक्रार नाही केली बे.

आता पेच असा. खामगावच्या कापसाच्या जिनातल्या लेथवर पितळी बुश लगेच होतील, पण पितळ कडक. प्रत्येक धक्का पाठीत जाईल. मुंबईचे रबरी बुश मऊ, पण ते कधी येतील याचा भरवसा नाही. हे म्हणतात पितळी बसव. मला धीर होत नाही. तूच सांग.

माया आहेच, तिची खूण म्हणून दोन ओळी धाड.
तुझी वहिनी

मेहकर,
ता. ९ नोव्हेंबर १९४६

ती. वहिनीस शालूचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून रडले, अन् मोटारीचे खांदे मळल्याचं वाचून हसलेही. दादाले म्हणा, आता तिले पुरणपोळी चारा अन् शिंगं रंगवा.

पितळी बसवू नका, वहिनी. एवढ्या रस्त्यानं कळा सोसत आला तर मले पाहून त्याले काय सुख? रबर येऊ द्या. त्याले म्हणा, शालू कुठं पळून जाऊन राह्यली? पायच मोडला तिचा. माझा इंद्रभान म्हणते, मामासाठी मऊ गादी करून ठेवतो.

लेकीसारखी धरली तशीच धरून ठेवा.
तुमची शालू

धामणगाव बढे,
ता. ३० नोव्हेंबर १९४६

चि. सौ. शालूबाई यांस अ. उ. आ.

तार मिळालीच असेल. मंगळवारी पहाटे गेले. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा हसले होते. म्हणाले, शालूचं ऐकावंच लागते. मग पितळीचं नाव काढलं नाही.

रबरी बुश गुरुवारी आले. मी शकूरला म्हटलं, बसव. त्यानं लगेच गाडी जॅकवर चढवली. जुने कापून काढले, खोबणी पुसल्या, साबणाच्या पाण्यानं एकेक दाबून बसवला. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच नट आवळले. नाहीतर रबर पिळून फाटते म्हणे. काल मला मोताळ्यापर्यंत नेऊन आणलं. गाडी आदळली नाही, शालू. वाटभर मी एका हातानं माझीच पाठ धरून बसले होते.

तू थांबा लिहिलंस म्हणून भेट राहिली, असं मनात आणू नकोस. तुझं पत्र येण्याआधीच मी मुंबईला तार केली होती. ठरवलं मी होतं. तुला विचारलं ते सोबत म्हणून.

आता आपल्या दोघींतच त्यांची आठवण राहील; तेवढा लोभ दोघींनी वाढवू.
तुझी वहिनी

ता. क. सोमवारी शकूर गाडीतून अस्थी घेऊन मेहकरला निघेल. घरात आणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुझी खाट अंगणात काढायला सांग. अस्थी आधी तुझ्या हातात. हवा तितका वेळ घे, मग इंद्रभाननं पैनगंगेत सोडाव्या. त्यांचा लोकरी कोट इंद्रभानला. गाडी शकूरला. त्याला मी अजून बोलले नाही. अस्थी उतरवल्यावर तू सांग, म्हणजे परत येताना तो आपल्या स्वतःच्या गाडीतून येईल.