माझ्यावरून गेलेल्या उड्या

प्रिय अक्का,

दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. तुझा लांब उडीचा जिल्ह्याचा विक्रम काल मोडला. सोलापूरच्या मैदानावर, भर दुपारी, आणि टेपचं एक टोक माझ्याच हातात होतं! तू जाऊन वर्ष झालं, तरी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की होटगीला फोन लावावा आणि तुला सांगावं. फोन काढलासुद्धा. मग तसाच हातात धरून बसले.

आज रविवार. शाळेला सुट्टी, घरात कुणी नाही. सकाळपासून अर्धवट झोपेत असल्यासारखं होतंय. डोळे मिटले की तुझे तळवे दिसतात. चेहरा नाही गं, तळवे! हसू नकोस. तुझे तळवे खालून माझ्याइतके कुणी पाहिलेत?

आपला ओढा आठवतो का? माळशिरसच्या रस्त्याखालचा, उन्हाळाभर कोरडा ठणठणीत. मेंढरं बाभळीखाली बसली की तू वाळूत रेघ मारायचीस आणि रेघेपासून लांब मला आडवं झोपवायचीस. मी तुझं माप होते. रोज मला बोटभर पुढं सरकवायचीस.

वाळू पाठीला गरम लागायची. वर नुसतं पांढरं आभाळ. तुझी पावलं आधी जमिनीतून कानात यायची, धप धप धप, आणि एकदम सगळं गप्प. तेवढ्या वेळात तू माझ्यावर असायचीस. तू आता खाली येणारच नाहीस, असं मला दर वेळी वाटायचं. भीती? छे! इतकं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही.

एकदा आईनं पाहिलं आणि पदर खोचून धावत आली. "आगं बया! धाकल्या पोरीला वलांडतीस व्हय? वाढ खुटंल की तिची! परत वलांड, उलटी वलांड!" तू तशीच मागं आलीस. तेव्हापासून नेमच झाला. पलीकडं पडायचं, वळायचं आणि माझ्यावरून परत यायचं. तू विसरलीस तर मी भोकाड पसरायची, "अक्का, परत ये की!" एवढं करून मी तुझ्या खांद्याएवढीच राहिले, ते निराळं. "आईचं औषिद लागू पडलं न्हाय," म्हणून जन्मभर चिडवलंस मला.

मग नातेपुत्याच्या शाळेतल्या सरांनी तुला हेरलं आणि सोलापूरच्या वसतिगृहात धाडलं. पायात खिळ्यांचे बूट आले. दोन वर्षांत तू राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचलीस. त्या दिवशी आईबरोबर मीही आले होते, खड्ड्याच्या कडेला गवतावर बसले होते.

तुझी शेवटची पाळी. तू पळत आलीस, फळीवर पाय पडला आणि पुन्हा तेच, सगळं गप्प. इतक्या लांब पडलीस की सर टाळी वाजवायचंच विसरले. पांढरं निशाण वर गेलं. तू उठलीस, मला पाहिलंस, वळलीस आणि वाळूतूनच फळीकडं परत चालत आलीस!

खड्ड्यातून मागं चालत आलं की उडी बाद, हे तुला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण पायांना ओढ्याची सवय होती. लाल निशाण वर गेलं. ती उडी कुणी मोजलीच नाही. पंच म्हणाले, "पोरी, पुढून बाहेर पडायचं असतं. मागं का आलीस?" तू मान खाली घालून म्हणालीस, "भैन हाय की माझी हितं." कुणाला काही कळलं नाही. मला मात्र कळलं.

ते वर्ष वाया गेलं. पुढं तू काही कमी केलं नाहीस. जिल्ह्याचा विक्रम, राज्याचं अजिंक्यपद, देशाच्या स्पर्धेत रुपेरी पदक, रेल्वेत नोकरी. गुडघा गेला तेव्हाही होटगीच्या क्वार्टरमध्ये पाय उशीवर ठेवून, "लई उडाले, आता बसते," म्हणत हसलीस. पण सर शेवटपर्यंत म्हणायचे, "तसली उडी पुन्यांदा झाली न्हाय." ते ऐकलं की मी काहीतरी काम काढून आत जायची.

तू एकदा तरी रागवायचं होतंस की गं! रागावली असतीस तर मी सुटले असते. दवाखान्यात मी धीर करून म्हणाले, "ती उडी माझ्यामुळं गेली." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "गेली कुटं? मारली की मी. मोजली न्हाय, एवढंच." आणि झोपी गेलीस. पुढं बोलायला तुला तरी वेळ कुठं होता?

आता कालचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी खड्ड्यावर पंच होते. सोळा वर्षांची श्रावणी, पूर्व भागातल्या विणकराची पोर, उडी मारायला आली. तिच्या आधीच्या मुलीच्या हाताचा ठसा वाळूत तसाच राहिला होता. दंताळं तिथं नीट फिरलं नव्हतं. मी तो पाहिलेला होता. श्रावणी पळाली, उडाली आणि त्या ठशाच्या वीतभर पुढं पडली.

टेपची खीळ वाळूत रोवायची ती मी, उडी मारणारीची फळीला सगळ्यांत जवळची खूण असेल तिथं. नजरेनंच कळलं, तिच्या टाचेपाशी रोवली तर तुझा विक्रम जातो. ठशापाशी रोवली तर राहतो. उतरताना मागं हात टेकला म्हणायचं, विषय संपला.

खोटं कशाला बोलू? रोवली मी. ठशातच रोवली. तुझी एक उडी मी घालवली होती, एक राखून द्यावी, एवढंच डोक्यात होतं. फळीजवळच्या पंचांनी टेप ताणला. ते आकडा वाचणार, इतक्यात माझं लक्ष श्रावणीकडं गेलं. ती त्या ठशाकडं बघत होती. मग तिनं आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. वाळूचा कणही लागलेला नव्हता. पण पोरगी बोलली नाही. मी बाई, मी पंच. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटलं असेल तिला. मान खाली घालून उभी राहिली. अक्का, अगदी तुझ्यासारखी उभी राहिली गं!

"थांबा!" मी ओरडले. "खीळ चुकलीया माझी. परत मोजा." आणि टाचेपाशी रोवली. दोन बोटांनी गेला तुझा विक्रम. दोनच बोटं!

ती जवळ आली. "बाई, आधी कुणाचा होता ओ?"

"माझ्या अक्काचा."

"रागावतील का त्या?"

मी म्हणाले, "न्हाय गं. तिला रागवायला यायचंच न्हाय." आणि मग सगळ्यांदेखत रडले. लोकांना वाटलं, डोळ्यात वाळू गेली.

मैदानाच्या ऑफिसात विक्रमांचा फळा आहे. उद्या रंगारी येणार होता, त्याला मी नको म्हणून सांगितलंय. तुझं नाव मीच पुसणार. रॉकेलात भिजवलेल्या फडक्यानं, हळूहळू, एकेक अक्षर. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू देणार नाही. मग त्याच जागी श्रावणीचं नाव लिहीन. अक्षरं तुझ्यापेक्षा जरा बारीक काढावीत असा मोह मला होणार, तू ओळखतेस मला. पण नाही काढणार, अक्का. तुझ्या नावाएवढीच काढीन. वचन देते.

तुझी,
बायडी