दिग्रसला उतरलेला कंडक्टर

लोहारा, यवतमाळ
१२ जानेवारी २०२४

चि. उत्तमसिंगास लालीबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू 'बरा आहो बाई' म्हणतोस अन् ठेवून देतोस. पोटाच्या गोष्टी चारचौघांत बोलायची तुले लाज, म्हणून मी मोठी बहीणच कागद घेऊन बसले.

परवा गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलते, तिथे तुझ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. तुझ्यासोबत मीच यायची, म्हणून त्यांनी ओळखलं. तुझ्या मोठ्या आतड्याला सूज धरून आता बारा वर्षं झाली. त्या म्हणाल्या, रक्त पडायचं थांबलं म्हणजे औषध लागू पडलं, पण इतकी वर्षं सुजलेल्या आतड्यात गाठ धरायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सगळ्यांनाच होते असं नाही. तरी आठ वर्षांनंतर अधूनमधून दुर्बीण घालून आतून पाहावं लागतं. तुले हे त्यांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं म्हणे. मले काहून नाही सांगितलं?

सहा फेब्रुवारीची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी ये. पोट साफ करायचं औषध माझ्याकडेच घे. घरात मी एकटी, संडासासाठी कोणी दार वाजवणार नाही.

येशील या भरवशावर आहे.
तुझी बाई,
लालीबाई

पुसद
२० जानेवारी

ती. बाईस उत्तमसिंगचा पाय धरून नमस्कार. वि. वि.

पत्र भेटलं. मी धडधाकट आहो. पहिले कसं होतं तुले ठाऊक आहे. भरली गाडी रस्त्यात थांबवून मी डबा घेऊन तुरीत पळायचो, अन् पन्नास माणसं खिडकीतून पाहत बसायची. आता चार वर्षांत ड्यूटीवर एक खाडा नाही. भाकर, ठेचा, सगळं पचून राह्यलं. मग कायले उकरून काढायचं?

पण तुझा शब्द मोडत नाही. पाच तारखेला निघतो. गुडघ्याला जप.
तुझा भाऊ,
उत्तमसिंग

लोहारा
९ फेब्रुवारी

उत्तमसिंग,

आज आशीर्वाद मागाहून.

पाच तारखेला बाराच्या गाडीपासून सहापर्यंत मी स्टँडवर उभी होते. मग तुझा फोन आला, मशीन बिघडलं, येऊ नका असा निरोप आला म्हणून. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. मशीन चालू होतं. तुझं नाव दोनदा पुकारलं. काल तुमच्या डेपोचा फुलसिंग ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, तू दिग्रसला उतरलास अन् परतीची गाडी धरलीस. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना कुठे उतरायचं ते सांगणारा माणूस तू!

रागावले, पण शिव्या देत नाही. एक गोष्ट सांगते. आपल्या बाच्या पोटात गाठ होती. कळली तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचे तीन महिने त्याचं सगळं मी केलं. तू नुकता नोकरीला लागला होतास, म्हणून त्यानं तुले कळवू दिलं नाही. तुझ्यावर ती वेळ आली तर तुझंही करीन. पण भिया, माझ्या भावा, मले पुन्हा ते करायला लावू नको.

तेरा तारीख मिळाली आहे. वेळ थोडा, म्हणून हा कागद फुलसिंगाच्याच हाती पाठवते.
लालीबाई

नागपूर
१० मार्च

ती. बाईस उत्तमसिंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या भाचीच्या, पायलच्या खोलीवरून लिहून राह्यलो. तेरा तारखेला यवतमाळला तुझ्यासमोरच तपासणी झाली. चपटा डाग दिसला, त्याचा तुकडा काढला अन् मले इकडे पाठवलं, तिथवर तुले माहीत आहे. इथल्या डॉक्टरांनी आत निळं औषध फवारून पुरं आतडं पाहिलं. डाग तेवढा एकच निघाला, एका रुपयाएवढा. दुर्बिणीतूनच काढला, पोट कापलं नाही.

काल रिपोर्ट आला. पायल वाचता वाचता थांबली, तिच्या डोळ्यांत पाणी. मग कळलं, पोरगी आनंदानं रडत होती. कॅन्सर नाही, बाई! पेशी त्या वाटेला लागल्या होत्या, पण पोचल्या नव्हत्या. डाग पुरता निघाला. डॉक्टर म्हणाले, दुखायची वाट पाहत बसला असता तर कदाचित मोठं आतडंच काढावं लागलं असतं, नाहीतर त्याहून वाईट. आता सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं, मग दरवर्षी. गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

तुझ्यापाशी खोटं बोललो, त्याची माफी मागतो. पाहिलंच नाही तर आत काही नसेल, असं मनाला समजावत होतो. दिग्रस आलं अन् पाय आपोआप खाली उतरले. तू शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्यांदाही आलो नसतो. बाचं मले कोणीच सांगितलं नव्हतं. तो झोपेत गेला, एवढंच मी आजवर धरून होतो. तू एकटीनं सारं केलं, अन् मले बाच्या वाटेवरून मागं ओढून आणलं. तुझे उपकार कसे फेडू?

तुझा,
उत्तमसिंग

लोहारा
१८ मार्च

चि. उत्तमसिंगास उदंड आयुष्य. वि. वि.

पत्र शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून स्वतः वाचलं. डॉक्टरीणबाईंना पेढे देऊन आले. त्या म्हणाल्या, पेढे त्यांना नको, तुझी सप्टेंबरची तारीख हवी. ती घेतली.

उपकार हा शब्द पुन्हा लिहू नको. खरं तर मीच तुझी ऋणी आहे. बालाही मी असंच सांगितलं होतं, वेळेवर चल, दाखवून घे. तो नाही आला. इतकी वर्षं वाटायचं, आपल्याला सांगताच आलं नाही.

तू आलास.
तुझी बाई,
लालीबाई